विश्लेषण : घाटात रेंज नसताना बिलावरची डिजिटल सही खरी की खोटी, हे कसे कळते?

देवगड-निपाणी रस्त्याने कोल्हापूरकडे निघालेला ट्रक कणकवली तालुक्यातले फोंडाघाट गाव मागे टाकतो आणि घाट चढू लागतो. वर दाजीपूरचे जंगल, पुढे राधानगरी. वळणावळणाचा रस्ता, पावसाळ्यात धुके आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. अशा ठिकाणी जीएसटीच्या फिरत्या पथकाने ट्रक थांबवला आणि चालकाने काजूगराच्या खोक्यांचे बिल पुढे केले, तर ते बिल खरे आहे हे तिथल्या तिथे कसे ठरणार? बिलावरचा काळापांढरा क्यूआर चौकोन नेमका यासाठी आहे. इंटरनेट नसतानाही त्याची खातरजमा करता येते. मात्र त्यासाठी तपासणाऱ्याच्या फोनमध्ये आधीपासून योग्य ‘किल्ली’ असावी लागते आणि ती योग्य रीतीने शोधावी लागते. ही शोधाशोध चुकली तर काय होते, याचा अनुभव अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये घेतला आहे.

बिलावरच्या क्यूआरमध्ये काय असते?

जीएसटीमध्ये ‘ई-इन्व्हॉइस’ची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरुवात झाली. मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. म्हणजे आता मध्यम आकाराचा काजू प्रक्रिया कारखाना किंवा सिमेंटचा जिल्हा वितरकही या नियमात येऊ शकतो. (ताजा आंबा करमुक्त असल्याने हापूसच्या पेट्यांना ही सक्ती नाही.) एका व्यावसायिकाने दुसऱ्या व्यावसायिकाला विकलेल्या करपात्र मालाचे बिल आधी सरकारमान्य नोंदणी पोर्टलवर पाठवायचे, पोर्टल त्याला ६४ अक्षरांचा क्रमांक देते आणि बिलातल्या मुख्य तपशिलांवर डिजिटल सही करून परत पाठवते. हा सही केलेला मजकूर म्हणजेच बिलावर छापलेला क्यूआर.

त्यात विक्रेत्याचा आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, मुख्य वस्तूचा एचएसएन कोड, किती प्रकारच्या वस्तू आहेत तो आकडा आणि तो ६४ अक्षरी क्रमांक एवढी माहिती असते. योजना आखतानाच एक गोष्ट गृहीत धरली होती. रस्त्यावर बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे प्रत्येक वेळी इंटरनेट असेलच असे नाही. म्हणून खरेपणाचा पुरावा सर्व्हरवर न ठेवता कागदावरच छापायचा, अशी रचना केली गेली.

सही तपासायची म्हणजे नेमके काय करायचे?

हा क्यूआर फोनच्या साध्या स्कॅनरने वाचला तर ‘ई, वाय, जे’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक अगम्य ओळ दिसते. संगणकाच्या भाषेत तिला ‘जेडब्ल्यूटी’ प्रकारचे टोकन म्हणतात. त्याचा नमुना मे २०१५ मध्ये ‘आरएफसी ७५१९’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. आपण ‘गुगलने लॉगिन करा’ हे बटण दाबतो, तेव्हाही पडद्यामागे याच जातीचे टोकन फिरत असते.

टोकनचे तीन भाग असतात आणि मध्ये टिंब असते. पहिल्या भागात सही कोणत्या पद्धतीने व कोणत्या किल्लीने केली ते, दुसऱ्यात मूळ मजकूर आणि तिसऱ्यात सही. पहिले दोन भाग गुप्त नसतात. ते कोणालाही उलगडून वाचता येतात. म्हणून एखाद्या अ‍ॅपने क्यूआर वाचून रक्कम आणि जीएसटी क्रमांक दाखवला, याचा अर्थ त्याने बिल तपासले असा होत नाही. त्याने फक्त वाचून दाखवले. खोटे बिल बनवणाराही असा मजकूर सहज तयार करू शकतो.

खरी तपासणी तिसऱ्या भागाची. सही करणाऱ्या पोर्टलकडे किल्ल्यांची जोडी असते. एक खासगी, जी कोणालाही दिली जात नाही. दुसरी सार्वजनिक, जी सर्वांसाठी जाहीर केली जाते. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते. पण सार्वजनिक किल्लीने नवी सही करता येत नाही. बिलातली रक्कम एक रुपयाने जरी बदलली, तरी सही जुळत नाही.

मग अडचण कुठे येते?

अडचण ‘कोणती किल्ली’ या प्रश्नात आहे. सुरुवातीला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे म्हणजे एनआयसीचे एकच पोर्टल होते. २०२३ मध्ये चार खासगी संस्थांची पोर्टलही सुरू झाली आणि एनआयसीची दोन धरून एकूण सहा झाली. प्रत्येकाची किल्ली वेगळी. शिवाय किल्ल्या कायमच्या नसतात. सुरक्षेसाठी त्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. पण जुन्या किल्लीने सही केलेली बिले लोकांच्या फायलींत असतातच आणि हिशेब तपासणीच्या वेळी ती काही वर्षांनीही बाहेर निघतात. त्यामुळे जुन्या सार्वजनिक किल्ल्याही जपून ठेवाव्या लागतात. थोडक्यात, तपासणाऱ्याच्या हातात एक किल्ली नसून जुडगा असतो.

बँकेतला जुना व्यवहार आठवला तर हे चटकन कळते. काउंटरवर चेक आला की कारकून त्यावरचा खाते क्रमांक पाहतो, कपाटातून त्याच खात्याचे नमुना सहीचे कार्ड काढतो आणि दोन सह्या ताडून बघतो. तो कपाटातली सगळी कार्डे एकेक करून चेकशी जुळवत बसत नाही. टोकनच्या पहिल्या भागात असाच एक किल्ली क्रमांक लिहिलेला असतो. त्याला ‘केआयडी’ म्हणतात. एनआयसीच्या क्यूआरमध्येही तो असतो. तपासणाऱ्या अ‍ॅपने तो वाचायचा, आपल्याकडच्या यादीतून त्या क्रमांकाची किल्ली काढायची आणि तिनेच सही तपासायची.

एकेक किल्ली लावून पाहिली तर काय बिघडते?

किल्ल्या सहा-आठच असतील तर वेळेच्या दृष्टीने फारसे काही बिघडत नाही. प्रचलित आरएसए पद्धतीची सही तपासणे हे हलके काम आहे. साधा संगणकही एका सेकंदात अशा हजारो सह्या तपासतो. पण जिथे किल्ल्या शेकड्यांनी आहेत आणि सेकंदाला हजारो टोकन येतात, तिथे प्रत्येक टोकनसाठी सगळा जुडगा चाळणे म्हणजे सर्व्हरचे काम शेकडो पटींनी वाढवणे. त्याऐवजी क्रमांकावरून थेट किल्ली काढणारी सूची ठेवली, तर किल्ल्या दहा असोत की हजार, शोधायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

खरा वेळ जातो तो किल्ली इंटरनेटवरून आणण्यात. सही तपासायला हजाराव्या भागाहून कमी सेकंद लागतो. पण दूरच्या सर्व्हरवरून किल्ल्यांची यादी मागवायला त्याच्या कित्येक पट वेळ जातो आणि घाटात रेंजच नसेल तर ती येतच नाही. म्हणून चांगली प्रणाली किल्ल्यांची यादी एकदा आणून स्वतःकडे साठवते आणि ठरावीक मुदतीने ताजी करते. गुगलसारख्या कंपन्या आपल्या किल्ल्यांच्या यादीसोबत ती किती वेळ साठवून ठेवावी हेही कळवतात.

यातही एक खोच आहे. साठवलेल्या यादीत नसलेला किल्ली क्रमांक आला तर? कदाचित पोर्टलने कालच किल्ली बदलली असेल आणि आपली यादी शिळी असेल. अशा वेळी एकदा नवी यादी आणून पाहणे योग्यच. पण प्रत्येक अनोळखी क्रमांकासाठी यादी आणायला धावले, तर कोणीही मुद्दाम हजारो खोटे क्रमांक पाठवून प्रणालीला पळवत ठेवू शकतो. खरे ग्राहक रांगेत ताटकळतात. म्हणून अशी यादी काही मिनिटांत एकदाच आणायची, त्या दरम्यान आलेले अनोळखी क्रमांक नाकारायचे, असा बंध घालतात. किल्ली बदलणाऱ्यानेही नवी किल्ली वापरात आणण्याच्या आधी ती जाहीर करावी, म्हणजे सर्वांच्या याद्या वेळेत ताज्या होतात.

करोनाकाळात युरोपीय संघाने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. लस प्रमाणपत्राचा क्यूआर एका देशात सही होऊन दुसऱ्या देशाच्या विमानतळावर तपासला जायचा. किल्ल्या अनेक देशांच्या. त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्रात किल्लीच्या ठशाचे पहिले आठ बाइट एवढाच छोटा क्रमांक ठेवला गेला. इतका छोटा क्रमांक दोन किल्ल्यांचा योगायोगाने सारखा निघू शकतो, हे मान्य करून नियमही केला : तसे झाले तर त्या क्रमांकाच्या सगळ्या किल्ल्या लावून पाहायच्या. किल्ली क्रमांकाने फक्त शोध सोपा होतो. खरेपणा सहीच ठरवते.

किल्ली क्रमांकावर विश्वास ठेवण्यात धोका काय?

चेकवरचा खाते क्रमांक चेक आणणाऱ्याने लिहिलेला असतो. तसाच टोकनमधला किल्ली क्रमांकही टोकन आणणाऱ्याच्या हातात असतो आणि तो सही तपासण्याच्या आधीच वाचावा लागतो. म्हणून तो केवळ ‘कोणते कार्ड काढायचे’ यासाठी वापरायचा; ‘कार्ड कुठून आणायचे’ हे टोकनला ठरवू द्यायचे नाही. काही टोकनांत किल्लीचा इंटरनेट पत्ताही लिहिता येतो. तो डोळे झाकून मानला तर भामटा स्वतःचीच किल्ली पुढे करेल आणि सही तंतोतंत जुळेल. नमुना सहीचे कार्डही चेक आणणाऱ्यानेच खिशातून काढून द्यावे, तसा हा प्रकार.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म असते. क्रमांक जुळला, किल्ली खरी निघाली, सहीही जुळली. पण ती किल्ली मुळात या कामासाठी नव्हतीच. २०२३ मध्ये नेमके हेच घडले.

मायक्रोसॉफ्ट प्रकरणात काय झाले?

मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २०२३ रोजी जाहीर केले, की चीनशी संबंधित ‘स्टॉर्म-०५५८’ या हॅकर गटाने काही संस्थांच्या ईमेलमध्ये प्रवेश मिळवला होता. अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांची मेलपेटीही त्यात होती. परराष्ट्र खात्याचे सुमारे ६०,००० ईमेल नेले गेले. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्तींना फटका बसल्याचे म्हटले आहे.

हॅकरांनी पासवर्ड फोडले नव्हते. त्यांच्याकडे २०१६ मध्ये तयार झालेली मायक्रोसॉफ्टची एक खासगी किल्ली होती आणि तिने ते स्वतःच टोकनवर सही करत होते. पण ती किल्ली होती सामान्य ग्राहकांच्या खात्यांसाठीची. सरकारी आणि कंपन्यांच्या ईमेलसाठी तिचा उपयोग व्हायलाच नको होता. मग झाला कसा?

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१८ मध्ये दोन्ही प्रकारच्या किल्ल्या एकाच ठिकाणाहून मिळतील अशी सोय केली होती. ग्राहकांच्या आणि संस्थांच्या किल्ल्यांचे जणू एकच कपाट. ईमेल प्रणाली लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले, की ‘ही किल्ली या खात्यासाठी चालते का’ हे तयार सॉफ्टवेअरच पाहत असेल. ते पाहत नव्हते. कपाटातून कार्ड निघाले, सही जुळली आणि दार उघडले. कार्ड कोणत्या शाखेचे आहे हे कोणी विचारलेच नाही. शिवाय २०१६ची किल्ली २०२३ मध्येही यादीत शिल्लक होती.

यातून दोन नियम पुढे येतात. किल्ली शोधताना फक्त क्रमांक पुरत नाही. ‘सही कोणाची आहे’ आणि ‘किल्ली क्रमांक काय’ ही जोडी पाहावी लागते. आणि निवृत्त झालेली किल्ली नव्या सह्यांसाठी ग्राह्य धरायची नाही. बिलांच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. जुन्या किल्लीने जुन्या तारखेचे बिल तपासणे ठीक. पण जुन्या किल्लीची सही असलेले आजच्या तारखेचे बिल आले तर संशय घ्यायला हवा.

फोंडाघाटच्या व्यापाऱ्याचा यात काय संबंध?

संबंध थेट पैशाचा आहे. लहान कारखानदार पॅकिंगचे डबे, यंत्राचे सुटे भाग किंवा काजूगर विकत घेतो, तेव्हा बिलातला जीएसटी तो आधी भरतो आणि नंतर ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ म्हणून वळता करून घेतो. विक्रेत्यावर ई-इन्व्हॉइसची सक्ती असताना त्याने ते न करता साधेच बिल दिले, तर जीएसटी नियमांनुसार ते बिलच धरले जात नाही. मग ते क्रेडिट अडचणीत येते. वाहतुकीत बिल सदोष निघाले तर माल अडवला जाऊ शकतो आणि दंडही होऊ शकतो. लबाडी विक्रेत्याची, पण खुलासे करत बसण्याची वेळ घेणाऱ्यावर येते.

नियमांनी चालकालाही एक सवलत दिली आहे. क्यूआर असलेले ई-इन्व्हॉइस असेल तर छापील बिलाऐवजी तो क्यूआर फोनवर दाखवला तरी तपासणीसाठी चालतो.

मात्र रेंजशिवाय होणाऱ्या तपासणीच्या मर्यादा माहीत असाव्यात. सही जुळली म्हणजे ‘हे तपशील पोर्टलने खरेच मंजूर केले होते’ एवढेच सिद्ध होते. ई-इन्व्हॉइस २४ तासांच्या आत रद्द करता येते. सकाळी बिल काढून दुपारी रद्द केले, तरी कागदावरची सही खरीच राहते. रद्द झाल्याचे पोर्टलला विचारल्याशिवाय कळत नाही. खोक्यात काजूगर आहे की आणखी काही, हेही सही सांगू शकत नाही. म्हणून घाटात सही आणि रेंजमध्ये आल्यावर पोर्टल, अशा दोन्ही तपासण्या लागतात.

सातबाऱ्यालाही हेच लागू आहे का?

काही प्रमाणात. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल विभागाने १५ रुपये भरून ऑनलाइन काढलेला, डिजिटल स्वाक्षरी, क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असलेला सातबारा सर्व कामांसाठी कायदेशीर मानला जाईल, असे स्पष्ट केले. त्यासाठी तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज राहिली नाही.

पण फरक लक्षात घ्यायला हवा. सातबाऱ्याची डिजिटल सही पीडीएफ फाइलमध्ये असते. फाइलची प्रिंट काढली की कागदावर सहीचे फक्त चित्र उरते. ते तपासता येत नाही. कागदी प्रतीसाठी १६ अंकी क्रमांक महाभूमी संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा पाहावा लागतो. जीएसटीच्या क्यूआरमध्ये मात्र खुद्द सहीच छापलेली असते, म्हणून ती कागदावरूनही तपासता येते. पहिल्या पद्धतीत रेंज हवी, दुसरीत किल्ली.

पीडीएफ उघडल्यावर स्वाक्षरीवर अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि लोक घाबरतात. त्याचा अर्थ उतारा खोटा आहे असा नाही. सॉफ्टवेअरला सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र कोणी दिले, ही साखळी आपल्या विश्वासू यादीपर्यंत नेता आली नाही, एवढेच ते सांगते. भारतात या साखळीचे मूळ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाकडे असते. नमुना सहीचे कार्ड या कपाटात नाही, असा तो शेरा आहे. चेक बनावट असल्याचा नाही.

सामान्य माणसाने काय करावे?

बिलावरचा क्यूआर कोणत्याही स्कॅनरने वाचून समाधान मानू नये. जीएसटी नेटवर्कने जून २०२३ मध्ये ई-इन्व्हॉइस पडताळणीचे अ‍ॅप आणले आहे. ते सहाही पोर्टलची बिले तपासते आणि त्यासाठी लॉगिन लागत नाही. अ‍ॅपने दाखवलेली रक्कम, बिल क्रमांक आणि दोन्ही जीएसटी क्रमांक छापील बिलाशी ताडून पाहावेत. कारण खऱ्या बिलाचा क्यूआर खोट्या बिलावर चिकटवणे ही सर्वांत सोपी फसवणूक आहे. सही जुळेल, पण आकडे जुळणार नाहीत. फोंडाघाटातून घाट चढण्याआधी, गावात रेंज असतानाच हे पाहून घेतले तर दोन मिनिटांचे काम आहे.